पावतीवर ‘स्टेम सेल’ नव्हतं, तिथेच उठायला हवं होतं

स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींचा, पहिला डोस २,८५,०००. मेंदूचा पेट स्कॅन ३८,५००. दुसरा डोस २,४०,०००. लॉज, जेवण २१,३००. एकूण ५,८४,८००. त्यातले तीन लाख पतसंस्थेचे, हप्ते अजून चालू आहेत.

मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम. ‘आई’ म्हणत नव्हता. ज्यांच्या घरात असं मूल नाही त्यांनी मला अडाणी म्हणू नये. मी बीएस्सी आहे, चार ठिकाणी विचारूनच गेलो होतो. “त्याच्याच पेशी त्यालाच देतोय, धोका कसला?” हे पांढरा कोट घातलेला माणूस म्हणतो तेव्हा बाप काय करणार? कमरेच्या हाडातून बोन मॅरो (हाडातला मगज) काढला, त्यातल्या पेशी पाठीच्या मणक्यात सोडल्या. जून २०२३.

पैसे भरले तेव्हा पावतीवर ‘न्यूरो रिहॅब पॅकेज’ लिहिलेलं. बायकोने तिथेच विचारलं, “यात स्टेम सेल कुठंय?” काउंटरवरची मुलगी म्हणाली, तसंच लिहितात. आणि मी बायकोलाच गप्प केलं. हे मला झोपू देत नाही.

पॅकेजमध्ये रोज स्पीच थेरपी होती. थोडी नजर मिळवायला लागला, ते श्रेय पेशींना गेलं.

नंतर कळलं, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलं होतं की ऑटिझमसाठी हे उपचार करू नयेत, जाहिरात करणं हे गैरवर्तन. म्हणजे आमच्या सहा महिने आधी! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांतही रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर बाकी सगळं फक्त नोंदणीकृत चाचणीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्ये. चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. आणि चाचणीच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठा.

तक्रार केली तर पोलीस म्हणाले, संमतीपत्रावर सही तुमचीच आहे, हा डॉक्टरकीचा विषय. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात प्रतिज्ञापत्र, तीन प्रती, मग अकरा महिने काही नाही. चौथ्या फेरीला साहेबांनी पावती बघितली आणि विचारलं, “यात स्टेम सेल कुठंय?” बायकोचाच प्रश्न, शब्दाला शब्द. मंडळाने नियम काढायचा, आणि तो मोडणाऱ्याला विचारायला कोणीच नाही? मग तो काढला कोणासाठी?

संमतीपत्र मराठीत मागा. घरी आणून वाचा.

दुसऱ्या डोसला शेजारच्या खाटेवर परभणीकडचं जोडपं होतं, एकरभर रान विकून आलेलं. त्यांनी विचारलं तेव्हा मीच म्हणालो, “फरक पडतो हो.” त्यांचा नंबर आता लागत नाही. हे वाचत असाल तर दुसरा डोस घेऊ नका.