मुकुटाची खूण असलेले जुने बिअर मग घेताय? आधी हे वाचा

जुने बिअरचे ग्लास जमवणाऱ्यांच्या आणि घरी बिअर बनवणाऱ्यांच्या ऑनलाइन गटांत सध्या एक विक्रेता फिरतोय. नाव बदलतो, फोटो तेच ठेवतो. माझे पैसे गेले, पण त्याने पाठवलेल्या सामानातल्या एका वस्तूने एखाद्याचा डोळा जाऊ शकतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

जाहिरात अशी होती: १९६० च्या दशकातले ब्रिटिश पबमधले, खळगे पाडलेले जाड काचेचे मग, प्रत्येकावर मुकुटाची अधिकृत खूण. सोबत घरच्या केगला, म्हणजे बिअरच्या पिंपाला, लावायचा कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारं उपकरण), ‘जेमतेम वापरलेला’. खातं बरंच जुनं, जुन्या पोस्ट अभ्यासू माणसाच्या. मी मगांबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं अचूक आली. रेटबिअर या बिअरप्रेमींच्या साइटवर आपण वर्षानुवर्षं ग्लासांची अदलाबदल केली, एकही तक्रार नाही, असंही त्याने सांगितलं. ती साइट २००० मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बंद पडली. तिथला कुणाचाही लौकिक आता पडताळता येत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पैसे त्याने ‘ओळखीच्या व्यक्तीला पाठवा’ या पर्यायाने मागितले, म्हणजे कमिशन कापलं जात नाही. छंदाच्या गटांत ही पद्धत इतकी रुळलेली आहे की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण अशा व्यवहाराला खरेदीचं संरक्षण नसतं. तक्रार केल्यावर उत्तर येतं की पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत. पुढे ‘पार्सल अडकलंय, विम्याची अनामत भरा, परत मिळेल’ असा निरोप आला. तिथे मी थांबलो. ती अनामत भरणारेही मला नंतर भेटले.

तरीही पार्सल आलं. का, ते उशिरा लक्षात आलं. ट्रॅकिंगवर ‘पोहोचलं’ अशी नोंद पडली की ‘माल मिळालाच नाही’ ही तक्रार करता येत नाही.

आत मग होते, पण आजचे. ब्रिटनमध्ये पाइंट या बिअरच्या मापाच्या भांड्यावर मुकुट आणि त्याखाली एक क्रमांक असायचा. तपासणी कोणत्या भागातल्या अधिकाऱ्यांनी केली ते त्यावरून कळायचं. २००६ पासून युरोपच्या मोजमापविषयक नियमांनुसार त्या जागी सीई ही अक्षरं आली. त्यांच्याजवळ एम हे अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात, म्हणजे भांडं आपलं वय स्वतःच सांगतं. माझ्याकडे आलेल्या मगांवर मुकुट वरून चिकटवलेला होता आणि दुसऱ्या बाजूला खरवडलेल्या सीईचा माग तिरप्या उजेडात स्पष्ट दिसत होता. तळाशी आतून लेसरने कोरलेलं नक्षीचं वर्तुळ. फेस टिकावा म्हणून हल्ली असं कोरतात, त्या खरबरीत जागेवरून बुडबुडे सतत उठत राहतात. १९६० च्या दशकातल्या मगात ते कुठून येणार? बुडाखालचे ओरखडेही सगळे एकाच दिशेने गेलेले, सँडपेपर फिरवल्यासारखे. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या काचेवर ते वेडेवाकडे, एकमेकांना छेदणारे असतात. आणि नुसता मुकुट पाहून भुलू नका: ब्रिटनने अलीकडे तो ऐच्छिक खूण म्हणून पुन्हा येऊ दिलाय.

त्यानंतर मी फोटोंचा शोध घेतला. ते दुसऱ्याच एका संग्राहकाच्या जुन्या अल्बममधले निघाले, कडा कापून वापरलेले. त्या गृहस्थांना विचारलं, तर फोटोतले मग अजून त्यांच्याच कपाटात आहेत. मला मिळालेली अचूक उत्तरंसुद्धा त्यांच्याच जुन्या लिखाणातून शब्दशः उचललेली होती. ज्या खात्यावर हे सगळं चाललं तेही चोरलेलं; मूळ मालक फार पूर्वीच गट सोडून गेला होता. मला सर्वांत जास्त संताप याचाच आहे. आमचे हे गट अनोळखी माणसांनी एकमेकांना नाजूक काच बिनधास्त पाठवण्यावर उभे आहेत. एका माणसाने वर्षानुवर्षं मन लावून लिहायचं, आणि दुसऱ्याने तेच लिखाण आमिष म्हणून लावायचं! गटचालकांनी माझी पहिली पोस्ट वैयक्तिक भांडण समजून काढली होती. इतर फसलेले पुढे आल्यावर ती परत लावली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

जुना मग घेताना चालू तारीख आणि तुमचं नाव हाताने लिहिलेला कागद शेजारी ठेवून फोटो मागा. बुडाचा आणि खुणेचा जवळून फोटो मागा. मला ‘आज उजेड नाही’ असं उत्तर मिळालं, दुसऱ्या एकाला ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’. मग हातात आल्यावर काठोकाठ पाणी भरून वजन करा. काठोकाठ मापाचा पाइंट असेल तर पाणी सुमारे ५६८ ग्रॅम भरतं. माझे मग या परीक्षेत पास झाले, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

आता रेग्युलेटर. कार्बन डायऑक्साइडच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साध्या खोलीच्या तापमानालाही दाब ८०० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास असतो. बिअर ओतायला साधारण १० ते १५ पुरतात. मधला सगळा दाब ही एक वस्तू अडवते, आणि ती बिघडली तर सेफ्टी व्हॉल्व्हने गॅस बाहेर सोडायचा असतो. माझ्याकडे आलेल्या रेग्युलेटरवर सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट पिळून वरून गोंद भरलेला होता आणि कमी दाबाच्या मीटरचा काटा जागचा हलत नव्हता. गॅसची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या माणसाला आधी दाखवला म्हणून तो जोडला गेला नाही. काचेचा ग्राउलर (बिअर भरून न्यायची मोठी बरणी) किंवा बाटली त्याच्यापुढे असती तर तिच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या.

त्याच फोटोंची जाहिरात आता दुसऱ्या नावाने दुसऱ्या गटात लागली आहे, आणि मगांसोबत रेग्युलेटर याही वेळी आहे. तुमच्याकडे तो आला असेल तर सिलिंडरला लावू नका, पुढे कुणाला विकू नका. बोल्टचा फोटो काढून तुमच्या गटचालकांकडे द्या आणि पोलिसांकडच्या तक्रारीला जोडा. माझ्या तक्रारीलाही तोच फोटो जोडलेला आहे.