१४व्या स्ट्रीटच्या सबवे स्टेशनातली ब्राँझची माणसं, नक्की बघा

न्यूयॉर्कला आलेले आपले पाहुणे टाइम्स स्क्वेअर बघतात, लिबर्टी बघतात, पाय दुखले की घरी. आई पुण्याहून आली तेव्हा आम्हीपण एक वॉकिंग टूर घेतली होती, गाइडने या स्टेशनातून आम्हाला अक्षरशः पळवलं, आई विचारतेय अगं ते काय होतं तिथे, आणि तो पार पुढे. फार वाईट वाटलं मला. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही तिघंच गेलो, आई, मी आणि माझा पाच वर्षांचा लेक. न्यू जर्सीहून पाथ ट्रेनने १४व्या स्ट्रीटला उतरायचं आणि तिथून सबवेच्या एल ट्रेनने एकच स्टेशन, एट्थ अॅव्हेन्यू, हेच ते मूर्तींचं स्टेशन.

टॉम ऑटरनेस या शिल्पकाराचं हे काम, नाव 'लाइफ अंडरग्राउंड', २००१ पासून इथे आहे. शंभरच्या वर छोट्या गुटगुटीत मूर्ती आहेत आणि एका जागी मांडून ठेवलेल्या नाहीत, कोणी बाकावर बसलंय, कोणी खांबाशी, दोघं मोठी करवत घेऊन कापाकापी करतायत, एकजण फाटकाखालून सरपटत फुकट आत घुसतोय. आणि ती मगर! गटाराचं झाकण उचलून वर आलीय आणि एका माणसाला धरलंय, त्याचं डोकं म्हणजे पैशाची थैली. १८७०च्या सुमारास थॉमस नास्ट नावाचा व्यंगचित्रकार बॉस ट्वीड या इथल्या भ्रष्ट पुढाऱ्याला डोक्याच्या जागी पैशाची थैली काढून दाखवायचा, ते तिथून आलंय. हे कळल्यावर बाकीच्या थैलीवाल्यांकडे पण नीट बघितलं जातं. लेकाला त्याचं काही नाही, तो खाली बसून मगरीला कुरवाळत होता.

आई आधी लांबूनच बघत होती. मग हळूच म्हणाली, "हात लावलेलं चालतं का गं?" चालतं! हेच मला सगळ्यात आवडतं. मूळ रंग काळपट तपकिरी, पण जिथे जिथे लोकांचे हात लागतात तिथे ब्राँझ घासून सोन्यासारखं पिवळं झालंय, कोणाचं डोकं, कोणाचं पोट. आई म्हणाली देवाच्या पादुका अशाच गुळगुळीत होतात, आणि एका मूर्तीच्या डोक्यावरून तिने असा हात फिरवला जसा नातवाच्या फिरवते.

ऑफिसच्या वेळेत जाऊ नका, गर्दीत काही दिसत नाही. मूर्ती प्लॅटफॉर्मवर पण आहेत त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका. वेगळं तिकीट काही नाही, सबवेचं भाडं तेवढं. आम्ही मोजत होतो, एकेचाळीसपर्यंत आलो आणि लेकाला भूक लागली, आता आई परत जायच्या आत उरलेल्या शोधायच्यात.