आर२१ की आर०१? वणव्याच्या धुरावर काम करणाऱ्याचं मत

अमेरिकेत पर्यावरणीय आरोग्यावर काम करणाऱ्या नव्या फॅकल्टीपुढचा ठरलेला पेच : एनआयएचकडे (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था), म्हणजे आपल्या बाबतीत मुख्यतः तिच्या पर्यावरणीय आरोग्याच्या शाखेकडे, एनआयईएचएसकडे, पहिलं प्रपोजल आर२१ चं, म्हणजे छोट्या ग्रँटचं, टाकावं की थेट आर०१ चं, म्हणजे मोठ्या ग्रँटचं? मेंटॉर मंडळी सहसा सांगतात, आधी छोटी पदरात पाडून घे, मोठीचं नंतर बघू. मी दोन्ही चालवल्या आहेत आणि माझा कल दुसरीकडे आहे. माझं काम वणव्याच्या धुरावर आहे, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबाने घ्यावं.

ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची) संशोधन ग्रँट देणारी स्टार योजना मी या तुलनेत धरलेली नाही. तिथे त्यांनी जाहीर केलेल्या विषयावरच अर्ज करता येतो. शिवाय २०२५ मध्ये ईपीएने आपला संशोधन विभागच मोडीत काढायला घेतला, तेव्हापासून तिच्या भरवशावर राहा असं कुणाला सांगवत नाही.

आर२१ चं आकर्षण उघड आहे. रिसर्च स्ट्रॅटेजी, म्हणजे अर्जाचा मुख्य भाग, सहा पानांची, आर०१ ची बारा. प्रिलिमिनरी डेटाची अट नाही. पण निम्मी पानं म्हणजे निम्मं काम, असं मात्र नाही. बायोस्केच, बजेट, ह्युमन सब्जेक्ट्सचे फॉर्म, २०२३ पासून आलेला डेटा मॅनेजमेंट अँड शेअरिंग प्लॅन, युनिव्हर्सिटीच्या ग्रँट ऑफिसची आधीची अंतर्गत डेडलाइन, हे सगळं दोन्हीकडे तेच. आणि डेटाची अट नसली तरी रिव्ह्यूअर माणूसच असतो. 'हे जमेल कशावरून?' हा प्रश्न त्याच्या मनात येतोच, आणि सहा पानांत त्याचं उत्तर द्यायला जागा उरत नाही.

तरी एवढ्यावरून मी आर२१ ला नाव ठेवलं नसतं. माझं खरं दुखणं कॅलेंडरचं.

आर२१ दोन वर्षांची. १६ ऑक्टोबरच्या हप्त्यात (अर्ज घेण्याच्या फेरीत) अर्ज गेला, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टडी सेक्शन (तज्ज्ञांची छाननी), मेमध्ये कौन्सिल (दुसरी, अंतिम छाननी) आणि लवकरात लवकर जुलैत सुरुवात. ऐकायला छान वाटतं, कारण पश्चिम किनाऱ्यावर धुराचा हंगाम तेव्हाच तोंडावर आलेला असतो. प्रत्यक्षात जुलैत हातात पडते ती फक्त नोटीस ऑफ अवॉर्ड, म्हणजे मंजुरीचं पत्र. मग अकाउंट उघडा, कोऑर्डिनेटरची जाहिरात काढा, भागीदार हॉस्पिटलच्या होकाराची वाट पाहा. सेन्सर आले की एकाच गच्चीवर शेजारी शेजारी टांगून आधी एकमेकांशी आणि मग जवळच्या सरकारी मॉनिटरशी ताडून बघा. पर्पलएअरसारखे स्वस्त सेन्सर धुरात पीएम २.५ (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण) चढं दाखवतात. ईपीएने त्यासाठी दुरुस्तीचं सूत्र दिलेलं आहे, पण ते आपल्या गावाला लागू पडतं का हे बघावंच लागतं. हे होईतो पहिला हंगाम गेलेला असतो. उरला एक उन्हाळा.

आणि नेमका तो स्वच्छ निघाला तर? माझा निघाला. गावात सगळे खूश, मुलं बाहेर खेळतायत, आणि मी सकाळी उठून नकाशावरचे हिरवे ठिपके बघत चरफडतोय. लोकांच्या फुफ्फुसांची काळजी वाहणाऱ्याने हवा बिघडायची वाट बघावी, असा हा धंदा! फेब्रुवारी किंवा जूनच्या हप्त्यात अर्ज लागला तर दोन उन्हाळे मिळू शकतात, हे मान्य. पण आग कुणाचा हप्ता पाळत नाही. पॅराडाइज गाव बेचिराख करणारी कॅम्प फायर २०१८ च्या नोव्हेंबरात लागली, लॉस एंजेलिसच्या आगी २०२५ च्या जानेवारीत. मुदत संपत आली की नो-कॉस्ट एक्स्टेन्शन मागता येतं, पण त्यात मुदत वाढते, पैसे नाहीत. दोन वर्षांचे मिळून डायरेक्ट (संस्थेचा ओव्हरहेड सोडून) २,७५,००० डॉलर तोवर पगारात आणि लॅबच्या बिलांत संपलेले असतात. आणि आर२१ चं नूतनीकरण होत नाही.

आर०१ मध्ये पाच वर्षांपर्यंत मागता येतात. एखादा उन्हाळा कोरडा गेला तरी अभ्यास मरत नाही. उलट, त्याच घरांतल्या त्याच माणसांची स्वच्छ वर्षाची मोजमापं तुलनेला मिळतात. मॉड्युलर बजेटमध्ये, म्हणजे ठोक रकमांच्या सोप्या बजेटात, वर्षाला डायरेक्ट २,५०,००० डॉलरपर्यंत जाता येतं, म्हणजे कोऑर्डिनेटरला पुढच्या वर्षीही नोकरी आहे असं छातीठोक सांगता येतं. फील्डवर्क करणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता दुसरी बाजू. आर०१ मिळाली की अर्ली स्टेज इन्व्हेस्टिगेटरचा दर्जा (शेवटच्या पदवीनंतर दहा वर्षं नव्या संशोधकाला निवडीत मिळणारं झुकतं माप) संपतो. आर२१ ने तो जात नाही. शेवटची पदवी मिळून दहा वर्षं व्हायला अजून बराच अवकाश असेल, तर हा मुद्दा हलका समजू नये. शिवाय २०२५ पासून एनआयएच बऱ्याच नव्या ग्रँटचे सगळ्या वर्षांचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढू लागलं आहे. त्यामुळे एकूण ग्रँट कमी निघतात, आणि आर०१ ची चुरस आणखी वाढली आहे. तुमचा प्रश्न फ्रीझरमध्ये पडलेल्या नमुन्यांवर सुटणार असेल, उदाहरणार्थ जपून ठेवलेल्या दुधाच्या दातांमधलं शिसं आणि मँगनीज मोजायचं असेल, तर खुशाल आर२१ टाका. दात ऋतू बघत नाहीत. अचानक आलेल्या आपत्तीसाठी एनआयईएचएसची लवकर निर्णय देणारी 'टाइम-सेन्सिटिव्ह' आर२१ निघाली होती. तिची सूचना चालू असेल, तर तीही वेगळी गोष्ट.

एच-१बी वाले बरेच जण विचारतात म्हणून सांगतो : या दोन्हींना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. ती अट के९९ सोडून बाकीच्या बहुतेक के अवॉर्डना (संशोधकाच्या करिअरसाठीच्या ग्रँटना) आहे. मात्र ग्रँट संस्थेच्या नावावर असते, तुमच्या नाही. नोकरी बदलायचा विचार असेल तर हे आधी बोलून घ्यावं.

धुरावर किंवा उष्णतेवर काम असेल, तर मी ५ जूनचा आर०१ चा हप्ता धरेन. सगळं सुरळीत पार पडलं तर एप्रिलमध्ये सुरुवात होते आणि हंगामाआधी सेन्सर टांगायला तीनेक महिने मिळतात. स्पेसिफिक एम्सचं (अभ्यासाच्या उद्दिष्टांचं) एक पान मार्चमध्येच एनआयईएचएसच्या प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे तुमच्या विषयाच्या ग्रँट बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल करा आणि फोनवर वेळ मागा. पानात 'एका हंगामात धूर आलाच नाही तर काय' याचं उत्तर दोन ओळींत असू द्या, कारण तो पहिला प्रश्न तोच विचारेल.