“सावलीत फळणारं बुटकं कलम” घेताय? आधी हे वाचा

जरा मोठं लिहितेय, पण ज्यांची बाग लहान आहे आणि दिवसभर ऊन येत नाही त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण हे लोक नेमकं आपल्यासारख्यांनाच गाठतात.

माझ्या बागेच्या एका बाजूला उंच भिंत आहे, त्यामुळे ऊन सकाळी येतं आणि दुपार व्हायच्या आत गेलेलं असतं, फार तर 4 तास. आंबा आणि लिंबू लावायचं होतं. ऑनलाइन रोपं विकणाऱ्या एकाने बागेचे फोटो मागवले, भिंत कुठल्या दिशेला, ऊन किती वाजता जातं सगळं विचारलं, एवढं बारीक विचारतोय म्हणजे माणूस जाणकार असणार असंच कुणालाही वाटेल, आणि मग म्हणाला तुमच्यासाठी खास सावलीतली बुटकी कलमं आहेत, दुसऱ्या वर्षी भरघोस फळ. पैसे आधी.

रोपं आली. आंब्याच्या खोडाला कलमाची पट्टी होती, ती काचायला लागली म्हणून सोडली तर आत साल एकसंध गुळगुळीत, जोडाचा मागमूस नाही! खऱ्या कलमाला तिथे गाठ असते नाहीतर तिरकी रेघ, वरची आणि खालची साल वेगळी दिसते, खोड जरासं वाकलेलं असतं. म्हणजे कोयीचं साधं रोप आणि त्याला नुसती पट्टी गुंडाळलेली. कोयीच्या आंब्याला फळ धरायला पाच-सात वर्षं सहज जातात, झाड भलंमोठं होतं आणि फळ कसं निघेल ते कुणी सांगू शकत नाही.

लिंबाची तऱ्हा आणखी वेगळी. जोड खरा होता, पण जोडावरची काडी वाळलेली, टोकाला मेण फासलेलं आणि हिरवी फूट सगळी जोडाच्या खालून. पानं नीट बघितली तर एका देठावर तीन-तीन, आणि काटे बोटाच्या पेराएवढे. लिंबाचं पान एकेकटं असतं हो. तीन पानांचा तो ट्रायफोलिएट, लिंबूवर्गीय झाडांना खुंट म्हणून (ज्यावर कलम बांधतात ते खालचं, मुळाकडचं झाड) वापरतात तो, फळ कडू आणि बियांनी भरलेलं. कलम मेलेलं, खुंट वाढतोय, आणि तो माणूस सांगतो “नवीन पालवी अशीच येते”.

फोटो पाठवले त्यावरचं उत्तर वाचून मात्र संताप झाला: “तुमच्याकडे सावली आहे ना मॅडम, सावलीत असंच होतं.” अरे, सावलीसाठी म्हणून तूच विकलंस ना! सावलीत फांद्या लांबतात, फुलं कमी येतात हे खरंय, पण एका पानाची तीन पानं होत नाहीत. गॅरंटी काय, तर रोप जिवंत पोचेल, 7 दिवसांत कळवा. फळाचं खरं-खोटं कळायला काही वर्षं जातात आणि तोवर काहीही बिघडलं की सावलीवर ढकलायचं, सगळा धंदा यावर चाललाय.

बुटकेपणाचा आणि सावलीचा संबंधच नाही. उंची बऱ्याच अंशी खुंटावर ठरते, सफरचंदाच्या एम 27 खुंटावर झाड दीड-दोन मीटरच वाढतं, पण ऊन त्यालाही लागतंच. बहुतेक फळझाडांना थेट ऊन 6 ते 8 तास हवं. 3 ते 6 तासांत त्यातल्या त्यात आंबट फळं बरी येतात, थंड हवेत मोरेलो चेरी, लाल करंट, गूजबेरी. लिंबू जगेल, फळ कमी देईल. आणि एकाच झाडावर आंबा, पेरू, डाळिंब असली जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा, ही तिन्ही वेगवेगळ्या कुळांतली, एकमेकांवर कलम धरतच नाही.

घ्यायच्या आधी जातीचं आणि खुंटाचं नाव लेखी मागा, पट्टी सोडून जोडाचा जवळून फोटो मागा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. माझ्याकडे लिंबाचे फोटो होते म्हणून पेमेंट कंपनीकडून तेवढे पैसे परत मिळाले, आंब्याचे गेले.

आता तोच माणूस वेगळ्या नावाने विकतोय, फोटो तेच. त्यातला “सावलीतलं लिंबू” म्हणून जो कुंडीचा फोटो आहे तो मोठा करून बघा, कुंडीची सावली जमिनीवर काळीकुट्ट, धारदार कडेची पडलीय. भर उन्हात काढलेला फोटो आहे तो.