पडवीतला सायकस : दिवाळी ते श्रावण

दिवाळीच्या आगेमागे रत्नागिरीच्या घरी सायकस आणला, आता श्रावण लागलाय. नर्सरीत 'सायकस पाम' म्हणतात तो हाच, सायकस रिव्होल्यूटा. मूळचा दक्षिण जपानचा. तो पाम नाही, नात्याने माडापेक्षा पाइनला जवळचा. म्हणून माडाचा हिशोब त्याला लावू नये. माड महिन्याला एखादी झावळी काढतो. हा दिवाळीपासून वैशाखापर्यंत जसाच्या तसा उभा होता. अशा वेळी पाणी नि खत वाढवायचा मोह होतो, आणि त्यानेच मुळं कुजतात. खोडात पिष्ट साठलेलं असतं, झाड उपाशी नसतं. वरची दोन बोटं माती सुकली की पाणी, एवढंच.

कोकणात खरी परीक्षा पावसाची. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे कुंडी पागोळ्यांच्या आत आणि दोन चिऱ्यांवर उचलून ठेवली. मातीत जांभ्याची बारीक खडी, नदीची वाळू, थोडं कुजलेलं शेणखत. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, पण खारी असते, वापरू नका.

वळवाच्या सरींनंतर पोगा आला. लवदार, तपकिरी, आणि सगळी पानं एकदम! वर्षातून बहुधा एकदाच हे घडतं, तेव्हा माझ्या मते या झाडाची सगळी निगा याच काही आठवड्यांत आहे. कुंडी हलवायची नाही, गुंडाळलेल्या पातींना हात लावायचा नाही. उजेड भरपूर हवा, कारण अंधाऱ्या कोपऱ्यात पानं लांबुडकी, पडेल होतात आणि पुढची दोन-तीन वर्षं तशीच दिसतात. दिवाणखान्यापेक्षा पडवीच बरी.

याच दिवसांत एक छोटं निळसर फुलपाखरू घिरट्या घालतं, चिलाडेस पांडवा. ते कोवळ्या पानांवरच अंडी घालतं आणि अळ्या बघता बघता अख्खा पोगा फस्त करतात. पोग्यावर मुंग्यांची ये-जा दिसली तर अळ्या शोधा, त्यांच्या अंगातल्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात. मी पानं कडक होईपर्यंत मच्छरदाणीचं कापड सैल बांधून ठेवलं. एकही पान गेलं नाही, याचा फार आनंद आहे.

पानांच्या पाठी पांढरे खवले दिसले तर ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाचं तेल फवारावं. जुनी पानं पिवळी पडत असतील तर बहुधा मॅग्नेशियम कमी आहे. थोडं एप्सम सॉल्ट पाण्यातून द्यावं.

घरात कुत्रा, रांगतं मूल किंवा अंगणात वासरू असेल तर मात्र विचार करा. झाडाचा प्रत्येक भाग विषारी, बिया सर्वांत जास्त. सायकॅसिनमुळे यकृत निकामी होऊन कुत्री दगावतात. पातींची टोकंही टोचतात, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर नको.

कुंडी बदलताना मातीलगत पोवळ्यासारखी फुटलेली मुळं दिसतील. रोग समजून कापू नका. त्यांत राहणारे नील-हरित जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात.