बीसीएए, व्हे की दूध-अंडी: कोल्हापुरात व्यायाम करणाऱ्यानं पैसे कशावर घालावेत?

राजारामपुरीतल्या जिमला जाणारा पोरगा असो की गंगावेशच्या तालमीतला पैलवान, खुराकाचे पैसे मोजकेच असतात. त्यात हल्ली बीसीएए या अमिनो आम्लांच्या पावडरीचा डबा घ्यायचा का, हा प्रश्न येतोच. माझं मत आधीच सांगतो: जो पुरेशी प्रथिनं खातो, त्याला या डब्याची गरज नाही. आणि जो खात नाही, त्याचं काम या डब्यानं भागत नाही.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. बीसीएएमध्ये ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं असतात, बहुतेक वेळा २:१:१ या प्रमाणात. त्यातलं ल्यूसीन खरंच महत्त्वाचं आहे. नवीन प्रथिनं बांधायला लागा, हा इशारा स्नायूंना त्यातून मिळतो. पण बांधायला नऊ आवश्यक अमिनो आम्लं लागतात आणि डब्यात तीनच आहेत. उरलेली सहा शरीर आधीच्या जेवणातून घेतं, नाहीतर स्वतःचीच प्रथिनं मोडून काढतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए घेतल्यावर स्नायूंमधली प्रथिननिर्मिती २२ टक्क्यांनी वाढली. फायदा झाला, पण पूर्ण व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन, घेतल्यावर दिसणाऱ्या वाढीच्या तो साधारण निम्माच होता. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थोडं कमी होतं, असंही काही प्रयोगांत दिसलंय. एवढ्यासाठी वेगळा डबा घ्यावा असं मला वाटत नाही.

व्हेमध्ये नऊही अमिनो आम्लं येतात. २५ ग्रॅम प्रथिनं देणाऱ्या एका मापात ५ ग्रॅमच्या आसपास बीसीएए असतातच, म्हणजे दुसरा डबा त्यातच आला. दूध न पचणाऱ्यांना मात्र पोट फुगण्याचा त्रास होतो. त्यांनी लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असलेलं व्हे, म्हणजे आयसोलेट, बघावं. आणखी एक भानगड आहे. प्रथिनांचं प्रमाण बरेचदा नायट्रोजन मोजून काढतात, त्यामुळे स्वस्त ग्लायसीन किंवा टॉरीन मिसळून आकडा फुगवता येतो. लेबलवरच्या घटकांत ही नावं स्वतंत्र लिहिलेली दिसली, तर तो डबा तिथंच ठेवा.

आता आपला खुराक. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, दोन अंड्यांत १२. दोन्ही मिळून ल्यूसीन अडीच ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे बीसीएएच्या एका स्कूपइतकं, आणि सोबत बाकीचं सगळं. अडचण स्निग्धांशाची: त्या दुधातून ३० ग्रॅमच्या वर फॅट जातं. जड गटातल्या पैलवानाला ते चालेल, वजन उतरवणाऱ्याला नाही. त्यानं व्हे घ्यावं. आणि कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायची आपली सवय कितीही जुनी असली, तरी दूध उकळूनच प्या; कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा आजार होऊ शकतो.

शाकाहारी माणसाला बीसीएए विकताना हमखास सांगतात की तुमच्या जेवणात अमिनो आम्लं कमी पडतात. कमी पडतं ते मुख्यतः लायसीन, त्या नऊ आवश्यक आम्लांपैकीच एक. ज्वारीच्या भाकरीत ल्यूसीन भरपूर असतं, लायसीन कमी. बीसीएएच्या तीन घटकांत लायसीन नाहीच! ते डाळ, मटकी, सोयाबीन आणि दुधातून येतं. भाकरीसोबत आमटी-उसळ खाणाऱ्याची ही उणीव ताटातच भरून निघते.

नेहमी व्यायाम करणाऱ्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलोच्या माणसाला साधारण १०० ते १४० ग्रॅम. आधी हा हिशेब ताटातून मांडा, कमी पडेल तेवढंच व्हे घ्या.

धोक्यांचं बोलायचं तर निरोगी माणसाला नेहमीच्या मापात बीसीएए सहसा बाधत नाही, फार तर मळमळ होते. पण पार्किन्सनसाठी लेवोडोपा घेणाऱ्यानं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण ही अमिनो आम्लं त्या औषधाच्या शोषणात आडवी येतात. मधुमेहाची औषधं चालू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तरी आधी विचारा. मेपल सिरप युरिन डिसीज या जन्मजात आजारात तर ही तीनच आम्लं शरीराला मोडता येत नाहीत, तिथं ती घातक आहेत.

स्पर्धेत उतरणाऱ्या पैलवानानं सगळ्यात जास्त जपायचं ते भेसळीला. डब्यात लेबलवर नसलेलं स्टेरॉइड किंवा उत्तेजक निघालं आणि चाचणीत सापडलं, तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात. मला माहीत नव्हतं म्हणून सुटका होत नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. डोपिंगसाठी बॅचनिहाय तपासलेला डबा मिळत असेल तर तोच घ्या, आणि बिल व बॅच क्रमांक जपून ठेवा.