जुनी टॅक्स रिजीम की नवी? आधी वजावटींची बेरीज करा

ऑफिसातून मेल येतो, जुनी रिजीम (इन्कम टॅक्स मोजायची पद्धत) की नवी ते कळवा, आणि बरेच जण शेजारच्या टेबलवाल्याने जे टाकलं तेच टाकून मोकळे होतात. तसं करू नका, त्याचं होमलोन असतं, तुमचं नसतं, त्याचं गणित तुम्हाला कसं लागू होणार?

आर्थिक वर्ष २०२५-२६ चं बघू. नव्या रिजीममध्ये ४ लाखांपर्यंत शून्य, मग दर ४ लाखांना ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३०. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे (टॅक्सवरच्या सवलतीमुळे) टॅक्स शून्य, पगारदारांना ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजावट) वेगळं, म्हणजे १२.७५ लाख पगारापर्यंत काहीच भरायचं नाही. जुनीत २.५ लाखांपर्यंत माफ, ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २० आणि पुढे सरळ ३०, स्टँडर्ड डिडक्शन ५० हजारच, पण कलम ८०सी चे (पीएफ, विम्याचे हप्ते वगैरे) दीड लाख, मेडिक्लेम, घरभाडं, राहत्या घराच्या कर्जाचं २ लाखांपर्यंतचं व्याज हे सगळं वजा होतं. नवीत यातलं काहीच नाही, कंपनी एनपीएसमध्ये (पेन्शन योजनेत) भरते तो वाटा मात्र तिथेही चालतो.

आता १५ लाख पगार धरा. नवीत सेस (टॅक्सवरचा उपकर) धरून टॅक्स ९७,५०० रुपये. जुनीत ८०सी पूर्ण, मेडिक्लेम २५ हजार आणि २ लाख व्याज एवढं सगळं दाखवूनही १,४०,४०० होतो. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासलं, कारण होमलोन असलं की जुनीच बरी असंच डोक्यात बसलेलं. या पगाराला जुनी परवडायची तर स्टँडर्ड डिडक्शन सोडून साधारण ५.४४ लाखांच्या वजावटी लागतात, म्हणजे वरच्या सगळ्याबरोबर अजून १.६९ लाखांची एचआरए ची (घरभाडे भत्त्याची) सूट वगैरे हवी. मोठ्या शहरात भाड्याने राहून गावाकडच्या घराचं कर्ज फेडणाऱ्यांचं हे जमू शकतं, त्यांनी जुनी नक्की तपासावी. बाकी बहुतेकांना माझ्या मते नवीच.

आणि प्लीज, फक्त टॅक्ससाठी मार्चमध्ये घाईघाईत पॉलिसी घेऊ नका. मी घेतली होती, एजंटने वीस वर्षांचा हप्ता गळ्यात मारला आणि आता नव्या रिजीममध्ये त्याची वजावटही मिळत नाही.

शेअर विकले असतील तर जपा, त्या नफ्यावर नवीतलं रिबेट लागत नाही, पगार १२ लाखांच्या आत असला तरी शॉर्ट टर्म नफ्यावर (वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवर) २० टक्के भरावेच लागतात.

ऑफिसात जे कळवलं ते फक्त टीडीएससाठी (पगारातून टॅक्स कापण्यासाठी) असतं, पगारदाराला रिटर्न भरताना रिजीम बदलता येते, फक्त जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरा, उशीर झाला की नवीच लागते. धंदा किंवा प्रोफेशनचं उत्पन्न असेल तर मात्र दरवर्षी उड्या मारता येत नाहीत, जुनीसाठी १०-आयईए फॉर्म लागतो आणि एकदा नवीत परत आलात की जुनीचा रस्ता बंद.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण २०२५-२६ च्या कमाईला १९६१ चाच कायदा, त्यामुळे या रिटर्नला ८०सी हे ८०सीच.